पाठीमागच्या सीटवरचा माझा आवाज

आर्णीहून यवतमाळला जाणाऱ्या एसटीत मी खिडकीशी बसले होते. सकाळचे अकरा वाजले असतील. मांडीवर एम.ए.च्या परीक्षेच्या फॉर्मची पिशवी होती. शेजारी एक म्हातारी डुलक्या घेत होती. गाडीनं गाव सोडलं, दोन्ही बाजूंना कापसाची शेतं लागली, आणि मागच्या सीटवरून कोणीतरी म्हणालं, "हॅलो, नमस्कार, बोला, कोण बोलतंय?"

तो आवाज माझा होता.

मी तर तोंड मिटून बसले होते. क्षणभर वाटलं, आपणच काही बोललो की काय. मग एका पुरुषाचा आवाज आला, जाडसर, सावकाश. त्यानं एक घाणेरडा प्रश्न विचारला. तो मी इथे लिहिणार नाही. त्यावर मी हसले. म्हणजे मागे ती हसली. आणि म्हणाली, "हो हो, नक्की. पुन्हा एकदा? अहो, कालच तर झालं!" पुरुषानं आणखी काही विचारलं. "घरच्या सगळ्यांसाठी ना? बरं, बरं."

मागे दोघांच्या मोबाईलवर ते चाललं होतं आणि दोघं फिदीफिदी हसत होते.

"ते केबलवालीच हाय का बे?"

"तेच हाय ना. पाह्य ना, तोंड तर पाह्य."

मी ओढणी डोक्यावरून पुढे ओढली. मागे वळून एकदा पाहिलं असतं तर त्या दोघांना कळलं असतं की ती त्यांच्यापासून हातभरावर बसली आहे. तेवढ्या एका भीतीनं मान आखडली. पुढचा फाटा आला तशी मी उठले, तोंड दाराकडे ठेवून चालत गेले आणि कंडक्टरला म्हटलं, "उतरायचंय." तो म्हणाला, "तिकीट तं यवतमाळचं हाय ताई." तोवर मी खाली उतरले होते.

हे कळायला आधीचं थोडं सांगायला हवं. आमच्या गावात केबल चालवणारे एक गृहस्थ होते, त्यांना सगळं गाव दादा म्हणायचं. घराच्या माडीवर त्यांनी एक खोली केली होती आणि तिथून गावापुरतं एक चॅनल चालायचं. आधी त्यावर दुपारी सीडी लावून सिनेमा दाखवत. मग दादांनी कॉम्प्युटर आणला, त्यात गाणी भरली आणि दुपारी दोन ते तीन फर्माइशीचा कार्यक्रम सुरू केला. प्रेक्षकांनी फोन करायचा, गाणं सांगायचं, ते कोणासाठी लावायचं ते सांगायचं. कॅमेऱ्यासमोर बसून फोन घ्यायला आणि गोड बोलायला त्यांना मुलगी हवी होती. मी बी.ए. होऊन घरी होते. बाबा तहसील कचेरीत कारकून. दादा स्वतः घरी येऊन बाबांना विचारून गेले. बाबांनी दोन दिवस विचार केला आणि म्हणाले, "दुपारचं आहे, गावातलं आहे, जाऊ दे."

मला ते काम फार आवडायचं. शिवणकाम करणाऱ्या बाया फोन करत, जिनिंग कारखान्यातले हमाल करत, शाळा बुडवलेली मुलं आवाज जाड करून करत. ती वर्षं कापसाची वाईट होती. झाडं लाल पडत होती, भाव मिळत नव्हता, खेड्यांतून रोज कोणीतरी जीव दिल्याचं कानावर यायचं. तरी दोन वाजले की फोन वाजायचा आणि कोणीतरी वहिनीसाठी, कोणीतरी नुसतं स्वतःसाठी गाणं मागायचं. बाजारात बाया मला थांबवून म्हणत, "तू टीव्हीवाली ना वं?" मी मान डोलवायची. आत कुठेतरी फुलून यायचं.

तर त्या फाट्यावर मी उतरले तेव्हा रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. कडुलिंबाखाली उभी राहिले. ते सगळं माझंच बोलणं होतं, एकेक शब्द. नक्की, पुन्हा एकदा, कालच तर झालं. हे मी दिवसातून चार वेळा म्हणायची, गाण्यांबद्दल. कोणीतरी ते तुकडे वेचून घेतले होते आणि मधे त्या माणसाचे प्रश्न घातले होते. म्हणजे ती मी नाही असं मी कोणाला सांगू शकत नव्हते. तोंड माझं, आवाज माझा, हसणंही माझंच.

शेतात एक बाई कापूस वेचत होती. पोटाशी ओटा, म्हणजे कापडाची झोळी, बांधलेला, तो भरून फुगलेला. तिनं मला पाहिलं आणि धुऱ्यापर्यंत, शेताच्या बांधाशी, आली.

"काहून वं माय, अशी उभी? गाडी चुकली?"

मी हो म्हटलं.

तिनं जवळून पाहिलं. "थांब थांब. वयखलं म्या तुले. फोनवाली ना तू? टीव्हीतली?"

हिनंही पाहिलं असेल. हिच्या घरी कोणाकडे तरी मोबाईल असेलच.

"माहं गाणं नाही लावलं तू," ती म्हणाली. "तीन खेपा फोन केला म्या, बहिणीच्या घरून. आर्णीले गेलतो तवा. तीनही खेपा दुसऱ्याचाच लागला."

मला रडू फुटलं. ती घाबरली. "अवं, गाण्याचं काय एवढं! नाही लागलं तं नाही लागलं." तिनं मला कापसाच्या तासात, दोन ओळींच्या मधे, आणून बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं. "काही खाल्लं का?" मी पाणी प्यायले. उलट दिशेनं आर्णीची गाडी दिसेपर्यंत ती जवळपासच वेचत राहिली आणि गाडीला तिनंच हात केला.

फॉर्म पिशवीतच राहिला. त्या दिवशी शेवटची तारीख होती.

घरी मी फॉर्म भरला म्हणून सांगितलं आणि ताप आल्याचं निमित्त करून अंथरुणावर पडले. दादांकडे निरोप पाठवला की बरं नाही. पडल्या पडल्या रस्त्यावरचे आवाज ऐकायची. आमच्या घरासमोर पानठेला होता. तिथे कोणी हसलं की मी श्वास धरून ऐकायची, मध्ये माझा आवाज आहे का. शेजारच्या काकांनी नवा मोबाईल घेतला होता, ते अंगणात त्यावर गाणी लावत. एक गाणं संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या त्या क्षणात माझं काळीज थांबायचं. आई डोक्यावर हात ठेवून म्हणायची, "अंग तर गार आहे तुझं."

त्याच आठवड्यात वणीच्या एका स्थळाकडून निरोप आला की मुलाला इतक्यात लग्न करायचं नाही. आईला वाईट वाटलं. मला वाटलं, त्यांच्याकडेही पोचलं.

बाबांना प्रत्येक कागदाची पावती फाईलला लावायची सवय होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "फॉर्मची पावती कुठे आहे?" मी म्हटलं, पर्समध्ये असेल. चौथ्या दिवशी पुन्हा विचारलं. सहाव्या दिवशी ते कागदाला भोकं पाडायचा पंच घेऊनच खोलीत आले. "दे गं ती पावती, लावून टाकतो." मी पिशवीतून तसाच राहिलेला फॉर्म काढून त्यांच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड करून सगळं सांगितलं. तो प्रश्न तेवढा सांगितला नाही.

त्यांनी पंच टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. मला वाटलं, आता मारतील. त्यांनी मला आयुष्यात कधी मारलं नव्हतं, पण त्या वेळी तसंच वाटलं. मग म्हणाले, "मला ते पाहायचं आहे."

"नको बाबा."

"फाईल न वाचता शेरा कसा मारू?"

आई दारात उभी होती. ती म्हणाली, "कशाला चिखलात हात घालता? चार दिवसांत विसरतील लोक." बाबांनी पायात चपला घातल्या. "चल," मला म्हणाले. मला वाटलं होतं ते एकटे जातील. त्यांनी स्कूटर काढली आणि मी मागे बसेपर्यंत थांबून राहिले.

आधी दादांकडे गेलो. दादांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांना ठाऊक होतं. "मी सांगणारच होतो भाऊसाहेब," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा दाखवता यावा म्हणून कार्यक्रम रोज कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड व्हायचा. नवी गाणी भरून घ्यायला दादांनी ती हार्ड डिस्क स्टँडजवळच्या मोबाईलच्या दुकानात नेली होती आणि दोन दिवस तिथेच ठेवली होती. "मले वाटलं गाणे भरून राह्यला तो. त्यानं आतलं काढून घेतलं, मले काय मालूम?" ते स्टुलावर बसले. मोठा माणूस, पण मुलासारखा मनगटानं नाक पुसत होता. मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

स्टँडजवळच्या त्या दुकानावर पाटी होती, गाणे व व्हिडिओ भरून मिळतील. आत एक कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, पाच-सहा गिऱ्हाईकं. सगळे पुरुष. आम्ही शिरलो तशी बोलणी थांबली. मी बाबांच्या पाठीमागे उभी राहिले, त्यांच्या शर्टावरची शिवण मोजत.

"हिची क्लिप आहे तुमच्याकडे," बाबा म्हणाले. "लावा."

दुकानदार चपापला. "काका, तुम्ही कायले पाहता? चांगलं नाही ते."

"लावा."

त्यानं लावली. मी कान बंद केले नाहीत, कारण हात वर केला असता तर सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं असतं. त्या माणसाचा तो प्रश्न आला. माझ्या बापासमोर आला. मी हसले. कोणीतरी खोकलं. संपली.

"पुन्हा लावा," बाबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला, रुमालानं पुसला, परत घातला.

दुसऱ्यांदा. मला वाटलं, जमीन का दुभंगत नाही. बाबांना काही कळत नाही का? कशासाठी हे पुन्हा पुन्हा?

"पुन्हा लावा. आणि मी सांगितलं की थांबवा." तिसऱ्यांदा मधेच ते म्हणाले, "थांबा. मागचं घड्याळ बघा. किती वाजले?"

माझ्या डोक्यामागे भिंतीवर बियाण्याच्या दुकानानं दिलेलं एक पिवळं घड्याळ असायचं. दुकानदार पडद्याजवळ वाकला. "दोन वाजून पाच."

"पुढे. आता?"

"पावणेतीन."

"पुढे."

"दोन... दोन वाजून बारा."

एक गिऱ्हाईक पुढे सरकलं. "हाव ना बे. काटा मांगं गेला."

"वेळ मागे जातो का कुठे?" बाबा म्हणाले. ते ओरडले नाहीत, कचेरीत अर्जदाराला समजावून सांगावं तसं म्हणाले. "निरनिराळ्या वेळचं जोडलं आहे हे. खोटे कागद जोडून जमिनीची फाईल करतात ना, तसं." मग दुकानदाराकडे वळून, "हा माणूस कोण बोलतो यात?"

"आईशप्पत काका, मले नाही मालूम. मी रिकार्डिंग काढलं होतं, खोटं नाही बोलत. ते दोघातिघायनं नेलं. हे असं बनून दिग्रसच्या एका गिऱ्हाइकाच्या कार्डातून वापस आलं."

"किती जणांना दिलं?"

"ते कसं सांगू? ब्लूटूथनं जाते ते. याच्यातून त्याच्यात." त्यानं आमच्यासमोर क्लिप पुसली. दुसऱ्या एकानं आपला मोबाईल काढून मुकाट्यानं काहीतरी दाबलं. बाकीचे तसेच उभे होते, हात खिशात.

बाहेर आल्यावर बाबांनी स्कूटरला किक मारली. बसली नाही. दुसरी मारली, तिसरी मारली. तेव्हा मी पाहिलं, त्यांचा पाय लटपटत होता. ते माझ्याहून जास्त घाबरले होते आणि तसेच तिथे आत उभे राहिले होते. आम्ही स्कूटर ढकलत घरी गेलो.

पोलिसात द्यायला त्यांनी एक अर्ज टाइप करून आणला. तो महिनाभर त्यांच्या खिशात होता. अर्जात माझं नाव लिहावं लागणार होतं, काय घडलं ते लिहावं लागणार होतं, आणि तो अर्ज किती हातांतून जातो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? शेवटी तो दिलाच नाही.

तीन आठवड्यांनी मी पुन्हा कार्यक्रमाला गेले. धीट झाले होते म्हणून नाही. घरात बसले तर लोक ते खरं समजतील, ही भीती जास्त मोठी होती. दोन वाजले. पहिला फोन एका शिंप्याचा. दुसरा उचलला तर पलीकडे नुसता श्वास. मग कोणीतरी तो प्रश्न विचारला. तोच, शब्दन् शब्द. आवाज मात्र तो नव्हता, कोणीतरी नक्कल करत होतं. गावभर ते ऐकू गेलं. आवाज बंद करायला दादांचा हात माऊसकडे जाईना. समोरच्या टीव्हीत माझ्या डोक्यामागचं घड्याळ दिसलं, ते सांगून टाकलं, "आता दोन वाजून नऊ मिनिटं झाली आहेत. तुमचं गाव सांगा."

फोन कट झाला.

त्या दिवसापासून मला तशी सवयच लागली. प्रत्येक वाक्यात वेळ, प्रत्येक वाक्यात समोरच्याचं गाव. दोन वाजून वीस मिनिटं झालीत, जवळ्याच्या ताई, तुमचं गाणं लावते. कोणाला तुकडा तोडताच येऊ नये. लोकांना ती नवी पद्धत वाटली. एका बाईनं फोन करून सांगितलं, "तुमी चांगलं करता ताई, आमच्या घरचं घड्याय बंद हाय." मी हसले नाही. कार्यक्रमात हसणं मी सोडून दिलं होतं.

त्याच हंगामात जिनिंगसमोर दिल्लीच्या एका चॅनलची गाडी येऊन उभी राहिली, डोक्यावर छत्रीएवढी तबकडी. गाव पाहायला लोटलं, मीही गेले. हातात माईक घेतलेली माझ्याच वयाची मुलगी कापसाच्या बंड्यांपुढे, म्हणजे बैलगाड्यांपुढे, एका शेतकऱ्याला कापसाबद्दल बोलायला सांगत होती. तो बोलला. ती म्हणाली, "एक बार और, इधर देखकर." त्यानं तेच पुन्हा सांगितलं, या वेळी कॅमेऱ्याकडे पाहून. मला वाटलं, धावत जाऊन त्याला सांगावं, भाऊ, बोलू नका, तुम्हाला माहीत नाही हे पुढे कुठे कापतील आणि कशाला जोडतील. मी जागची हलले नाही. माझ्याकडे कोणी पाहू नये म्हणून गर्दीच्या मागेच थांबले.

पुढच्या दिवाळीपर्यंत फर्माइशीचे फोन आटले. ज्याला जे गाणं हवं ते त्याच्या खिशात होतं. कधी कधी अख्खा तास फोन वाजायचा नाही, दादा आपल्याच पसंतीची गाणी लावत बसायचे. शेवटी एका सोमवारी त्यांनी सांगितलं, "बंद करू आता." मला हायसं वाटलं. आणि त्यांचा चेहरा पाहून त्या हायसं वाटण्याची लाज वाटली.

तो माणूस कोण होता, ते कधीच कळलं नाही. वर्षानुवर्षं मी त्याला ऐकत राहिले. वाणी विचारायचा, "आणखी काय देऊ?" आणि मी थबकायची. बँकेच्या खिडकीत, दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, कुठेही जाडसर सावकाश आवाज आला की आधी कान तिकडे जायचे, मग डोळे. मला पाहायला मंडळी आली तेव्हा मुलगा फारसा बोलत नव्हता. रीत सोडून मीच म्हटलं, "तुम्ही काहीतरी बोला ना." तो गोंधळला. टेबलावरचं वर्तमानपत्र उचलून त्यानं बातमी वाचायला सुरुवात केली. पातळ, घाईचा आवाज. मी पूर्ण बातमी ऐकून घेतली आणि होकार दिला. का ते त्याला लग्नानंतर पाच वर्षांनी सांगितलं.

एम.ए. आणि बी.एड. नंतर झालं. आता मी मारेगावच्या बाजूला एका शाळेत शिकवते. यंदाच्या गॅदरिंगमध्ये आठवीच्या मुलींचा नाच होता. पडदा उघडला आणि समोरच्या अंगणात एकदम शे-सव्वाशे मोबाईल वर झाले. मुलींचे चेहरे खुलले. त्यांनी महिनाभर तयारी केली होती. मी विंगेतून खाली उतरले आणि पहिल्या रांगेत मोबाईल धरून उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "कृपा करून काढू नका."

"काहून बाई?" तो म्हणाला. खरोखर नवल वाटून म्हणाला. "माहीच पोरगी हाय ना ते. मधातली. तिच्या आजीले पाठवाचं हाय."

आजीला पाठवायचं होतं, त्यात वाईट काय? मी बाजूला झाले. गाणं सुरू होतं. मधली मुलगी बापाकडे पाहून हसली, चांगली मोकळी, दात दिसेपर्यंत. मी त्या मोबाईलच्या रांगेकडे पाहत उभी राहिले. कोणता मोबाईल कोणाचा, कोण कुणाचा बाप, कोण कुणाचा कोणीच नाही, हे ओळखायचा प्रयत्न करत. नाच संपला तेव्हा टाळ्या वाजवायच्या राहूनच गेल्या.